खोकं मुकं पाहिजे

ठोकून बघ, मी धैर्याला म्हणतो,
बोटाच्या पेरानं, कलिंगड बघतात तसं.
बोललं तर वाया गेलं.
आतला कोन बोलला पाहिजे,
लाकूड नाही.

अठरा एमएमचा प्लाय उद्यमनगरातनं
स्कूटरवर उभा धरून आणला.
बागल चौकात वारं भरलं
आणि स्कूटर शिडाच्या होडीगत एका अंगाला कलली.
बारा इंची स्पीकर लक्ष्मीपुरीच्या भंगारातला,
कुणाच्या तरी मोटारीत मेलेला.
कड कुजलेली, चुंबक मात्र शाबूत:
पान्हा जवळ नेला की हातातनं ओढून घ्यायचा.

धैर्या माझा पुतण्या.
गणपतीत त्याचे बारा बेस ट्रॅक्टरवर चढतात,
दोन्ही बाजूच्या खिडक्यांच्या काचा घाबरवत निघतात.
माझं खोकं बघून हसला.
"काका, एवढ्याशात काय होतंय?
नाद करायचा तर पापाच्या तिकटीवरनं
रंकाळ्यापर्यंत गेला पाहिजे."
नाद. आमच्या गावात शब्द एकच,
आवाजालाही आणि खुळालाही.
मी त्याच्या हातात फेविकॉलचा डबा दिला.

एकतीस वर्षं मी फौंड्रीत पॅटर्न केले.
सागवानी पंप, सागवानी गिअरबॉक्स.
वाळूत पुरायचे, अलगद उपसायचे,
मागं राहायची ती पोकळी.
लोखंड थंड होताना आटतं,
म्हणून फुटामागं एक सूत वाढीव.
मग रस ओतायचे, आणि पोकळी संपायची.
पोकळीचं माप मला नवं नाही.
ही पहिलीच, जी मी कुणाला भरू दिली नाही.

तरी हवेचा हिशेब दोनदा चुकला.
पहिलं खोकं लहान झालं, बेस ढेकर दिल्यागत.
दुसऱ्याला चार इंची ड्रेनेजचा पाइप बसवला,
तो जरा जास्तच कापला.
तिसऱ्याच्या सांध्यासांध्यावरनं
देव्हाऱ्यातली उदबत्ती फिरवली.
मागच्या कोपऱ्यात धूर थरथरला, तिथं गळत होतं.
"आरती झाली असंल," शालन म्हणाली,
"तर उदबत्ती परत ठेवा."

हे सगळं कशासाठी, ते धैर्याला सांगितलं नव्हतं.
फौंड्री बंद झाली त्या दिवशी, शेवटच्या हीटला,
मी फोन काढून भट्टीचा आवाज टिपला होता.
चार मिनिटं. आज तोच लावला.

पत्र्याचा खणखणाट आला.
कुणीतरी कुणाला तरी हाक मारली,
"कडं बघून धर!" बहुतेक आमचा इलाही.
ब्लोअरची शिट्टी.
आणि त्याच्याखाली काही नाही.
फोनच्या एवढ्याशा कानाला
खालचं ऐकूच आलं नव्हतं.
खोकं मुकं. हवं होतं तसं.

धैर्या आता हसत नव्हता.
त्यानं स्वतःच्या फोनवर नुसता सूर लावला,
गाणं नाही, एकच सूर, आणि बोटानं खाली उतरवत नेला.
साठ. पन्नासला जुन्या ट्यूबलाइटची गुणगुण.
चाळीसला मांडणीवरची ताटं बोलायला लागली.
अडतीस. छत्तीस.
चौतीसला आवाज संपला,
म्हणजे कानाला संपला.
फरशी तळपायातनं वर चढली, गुडघ्यापर्यंत.
मी म्हणालो, थांब.

शालन आतनं आली, हाताला पीठ.
सव्वीस वर्षं तिनं गेटापर्यंत डबा आणला,
आत कधी पाऊल टाकलं नव्हतं.
भिंतीला हात लावून उभी राहिली, पीठ तसंच भिंतीला.
"आज भट्टी लावली व्हय?"

धैर्या काही बोलला नाही.
उठला, मांडणीपाशी गेला,
आणि एकेक ताट उतरवून
सतरंजीवर ठेवायला लागला,
वाजू नये म्हणून.